भाड्याने दिलेलं गाव : हांको, १९४०–४१

१३ मार्च १९४०, सकाळचे अकरा. फिनलंडच्या आघाडीवरच्या तोफा थांबल्या. ३० नोव्हेंबरपासून सोव्हिएत युनियनशी चाललेलं हिवाळी युद्ध संपलं होतं. दुपारी परराष्ट्रमंत्री वायनो तान्नेर यांनी रेडिओवरून तहाच्या अटी सांगितल्या आणि देशभर झेंडे अर्ध्यावर उतरले. पूर्वेकडच्या कारेलियातल्या लोकांना निदान धास्ती होतीच, तिथे लढाई उंबरठ्यापर्यंत आली होती. पण देशाच्या नैऋत्य टोकावरच्या हांको या बंदराच्या गावात शत्रूचं सैन्य उतरलंच नव्हतं. विमानांनी बॉम्ब टाकले होते, एवढंच. समोरच्या रुसारो बेटावरच्या तोफांनी तर युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, १ डिसेंबरला, ‘किरोव्ह’ ही सोव्हिएत क्रूझर माघारी धाडली होती. गाव लढाईत पडलं नव्हतं. तरी तहाच्या चौथ्या कलमाने ते गेलं.

कलम असं होतं : हांको द्वीपकल्प आणि भोवतालचं पाणी, दक्षिणेला व पूर्वेला पाच मैल, उत्तरेला व पश्चिमेला तीन मैल, त्यातल्या बेटांसकट, सोव्हिएत युनियनला नाविक तळासाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने. भाडं वर्षाला ८० लाख फिनिश मार्क. फिनिश सैन्याने दहा दिवसांत निघून जायचं. सैन्याबरोबर गावही निघालं. साधारण आठ हजार माणसं होती. भाड्याची रक्कम त्यांच्यावर वाटून पाहिली तर माणशी वर्षाला हजार मार्क पडतात. अर्थात ते भाडं सरकारच्या तिजोरीसाठी होतं, ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत हांकोला बहुधा एखादं वाक्य मिळतं. मला ते फार अपुरं वाटतं. एवढंसं गाव एका बलाढ्य देशाला इतकं का हवं होतं, आणि हाती आल्यावर पावणेदोन वर्षांतच ते सोडून का जावं लागलं, हे दोन्ही प्रश्न नीट सोडवायला बसलं की जागेचं महत्त्व म्हणजे नेमकं काय, हे या एका गावात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

वाळूचा दांडा

फिनलंडचा नकाशा पाहिला तर किनाऱ्यावर हजारो बेटांचा चुरा पसरलेला दिसतो. बहुतेक किनारा ग्रॅनाइटचा, उथळ, खडकाळ. हांको मात्र वाळूचं आहे. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचा बर्फ मागे सरकत असताना मध्येच हवा पुन्हा गारठली आणि बर्फाची कड एकाच रेषेवर दीर्घकाळ रेंगाळली. वितळणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर आणलेली वाळू, खडी, गोटे त्या कडेवर टाकले. त्या ढिगाऱ्याची लांबच लांब रांग म्हणजे साल्पाउसेल्का. ती देशाच्या आतून, लाहती शहरावरून नैऋत्येला येते आणि हांकोजवळ समुद्रात शिरते. कोकणात खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा गेलेला असतो, तसा हा दांडा दिसतो. मात्र तो लाटांनी घातलेला नाही, बर्फाने घातलेला आहे. गावाच्या हद्दीत जवळपास १३० किलोमीटर किनारा आहे आणि त्यातला ३० किलोमीटरच्या आसपास वाळूची पुळण. टोकाचं नाव तुल्लीनिएमी. फिनलंडच्या मुख्य भूमीचं हे सर्वांत दक्षिणेकडचं टोक.

या टोकाची दोन वैशिष्ट्यं पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरली. एक, ते बेटांच्या गर्दीतून बाहेर येऊन थेट उघड्या बाल्टिक समुद्रात घुसलेलं आहे. वारा आणि लाटा बर्फाला तिथे सहज स्थिरावू देत नाहीत, त्यामुळे देशातली बाकीची बंदरं गोठून बंद पडत तेव्हाही इथे जहाज आणणं जमण्यासारखं असे. दुसरं, फिनलंडचं आखात इथूनच सुरू होतं. इथून पूर्वेला सुमारे चारशे किलोमीटरवर आखाताच्या तळाशी सेंट पीटर्सबर्ग आहे. त्या शहराकडे समुद्रमार्गे जाणारा कोणीही हांकोच्या समोरून जातो.

वाऱ्याची वाट पाहणारे

गाव वसायच्या कितीतरी आधी लोक इथे थांबत होते. तेराव्या शतकातल्या एका डॅनिश समुद्रमार्गाच्या नोंदीत ‘हांगेथे’ हे नाव येतं. शिडाच्या जहाजांना वारा पडला की आसरा हवा असे, आणि तो हांकोच्या बाहेर दोन बेटांमधल्या एका अरुंद, निवांत चिंचोळ्या पाण्यात मिळे. त्याला फिनिशमध्ये हाउएनसुओली म्हणतात. अर्थ, ‘पाइक माशाचं आतडं’. नाव देणाऱ्याची नजर पक्की कोळ्याची होती.

तिथल्या घोटीव ग्रॅनाइटवर सहाशेच्या वर कोरीव खुणा आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या. सरदारांची कुलचिन्हं आहेत, व्यापाऱ्यांच्या निशाण्या आहेत, साध्या खलाशांची नावं आणि साल आहेत. काही कोरीव कामं इतकी सुबक आहेत की ती घाईत झालेली नाहीत हे उघड दिसतं; हातात छिन्नी आहे, वारा नाही, आणि दिवस जाता जात नाही, अशा माणसाचं ते काम. ग्रॅनाइट लवकर झिजत नाही. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीचा कंटाळा आजही हाताने चाचपता येतो. हांकोचा पहिला उपयोग हा असा होता : पुढे जाणाऱ्यांनी थांबायची जागा.

याच पाण्यात १७१४ च्या उन्हाळ्यात स्वीडिश आरमाराने रशियन वल्ह्यांच्या जहाजांची वाट अडवून धरली. रशियन सेनापती अप्राक्सिन आणि खुद्द झार पीटर समोर होते. पीटरने आधी द्वीपकल्पाच्या अरुंद मानेवरून जहाजं ओढून पलीकडे नेण्याचा घाट घातला. ते पाहून स्वीडिश आरमाराने आपली एक तुकडी पलीकडच्या बाजूला पाठवली. तेवढ्यात वारा पडला. शिडाची मोठी स्वीडिश जहाजं जागच्या जागी उभी राहिली आणि रशियन वल्ही त्यांना वळसा घालून निघून गेली. वेगळी पडलेली स्वीडिश तुकडी रिलाक्सच्या खाडीत कोंडून पकडली गेली. रशियन लोक या लढाईला गांगुट म्हणतात. गांगुट म्हणजे हांगो, म्हणजेच हांको. रशियन आरमाराचा हा पहिला मोठा विजय. तेव्हापासून रशियाच्या आरमारी आठवणीत या छोट्याशा टोकाचं नाव कोरलं गेलं ते गेलंच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडिश राजवटीने इथल्या बेटांवर किल्ले बांधले. १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेला, किल्लेही गेले, आणि १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमार समोर आलं तेव्हा ते सुरुंग लावून उडवले गेले. इतकं सगळं झालं, पण गाव असं काही अजून नव्हतं.

गाव रेल्वेने वसवलं

हांको शहर १८७४ चं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, ह्युविंका ते हांको ही सुमारे दीडशे किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. फिनलंडमधली ही पहिली खासगी रेल्वे. ह्युविंकाला ती हेलसिंकीच्या मुख्य मार्गाला मिळते आणि तिथून पीटर्सबर्गपर्यंत रूळ होते. कंपनीला तोटा झाला आणि १८७५ मध्ये सरकारने मार्ग ताब्यात घेतला, पण काम झालं होतं. बर्फ न धरणारं टोक पहिल्यांदाच आतल्या देशाशी जोडलं गेलं. त्याआधी हजारो वर्षं ते टोक तिथेच होतं, पाणी तितकंच मोकळं होतं, आणि तरी तिथे फक्त वारा पडल्यावर थांबायचं. रूळ आल्यावर एका वर्षात शहराची सनद आली. या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पुढे १९४० मध्ये नकाशावर बोट ठेवणारे लोक ती विसरले.

कडक हिवाळ्यात हांकोचंही पाणी गोठे. म्हणून १८९० मध्ये स्टॉकहोमला बांधून घेतलेली ‘मुर्ताया’ ही बर्फफोडी बोट आली. मुर्ताया म्हणजेच ‘फोडणारा’. फिनलंडची ही पहिली सरकारी बर्फफोडी, आणि तिचं मुख्य काम हांकोचा रस्ता उघडा ठेवणं. त्यानंतर बंदर खरोखर बाराही महिने चालू लागलं. देशातलं लोणी पिंपांत भरून गाडीने हांकोला यायचं आणि बोटीने इंग्लंडला जायचं.

त्याच बोटींतून माणसंही गेली. १८८० च्या दशकापासून पुढच्या चार-पाच दशकांत अडीच लाखांच्या आसपास फिनिश लोक हांकोवरून परदेशी गेले, बहुतेक अमेरिकेला. रस्ता ठरलेला असे : गावाहून गाडीने हांको, हांकोहून बोटीने इंग्लंडचं हल बंदर, हलवरून आगगाडीने लिव्हरपूल, आणि तिथून अटलांटिक. वडिलांच्या शेतात वाटा न मिळालेली धाकटी मुलं, कुळं, मोलकरणी. ज्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीस लाख, त्यातल्या एवढ्या लोकांच्या आठवणीत मायदेशाचं शेवटचं दृश्य म्हणजे हांकोचा धक्का. त्यांच्या स्मारकात उडणारे पक्षी आहेत. ते १९६७ मध्ये किनाऱ्यावर उभारलं.

आणि याच वेळी, त्याच गावात, धक्क्यापासून थोड्या अंतरावर पांढरी नक्षीदार लाकडी घरं बांधली जात होती. १८७९ च्या सुमारास समुद्रस्नानाचं आरोग्यकेंद्र सुरू झालं आणि पीटर्सबर्गची श्रीमंत मंडळी उन्हाळ्यात इथे येऊ लागली. गावाचे हे दोन चेहरे एकमेकांना किती भेटत असतील कोण जाणे. नंतरच्या काळात मार्शल मानरहाइम यांचीही इथे उन्हाळी वास्तव्याची जागा होती आणि समुद्राकाठचं ‘चार वाऱ्यांचं घर’ नावाचं कॉफीगृह काही वर्षं त्यांच्याच मालकीचं होतं. १९४० मध्ये सरसेनापती म्हणून तहाचा सल्ला द्यावा लागला तो याच माणसाला. त्या सल्ल्याने त्यांचं हांकोही गेलं.

मॉस्कोतला नकाशा

१९३९ च्या शरद ऋतूत फिनलंडचे मुत्सद्दी युहो कुस्ती पासिकिवी आणि नंतर त्यांच्याबरोबर तान्नेर मॉस्कोला बोलणी करायला गेले. स्टालिन यांचा मुद्दा असा होता की भूगोलाला तुम्हीही काही करू शकत नाही आणि आम्हीही. लेनिनग्राड, म्हणजे पूर्वीचं सेंट पीटर्सबर्ग, हलवता येत नाही, तेव्हा सीमा हलवावी लागेल. कारेलियन संयोगभूमीवरची सीमा मागे घ्या, आखातातली काही बेटं द्या, हांको तीस वर्षं भाड्याने द्या, तिथे आमचे पाच हजार सैनिक राहतील. बदल्यात पूर्वेकडे रेपोला आणि पोरायार्वी भागातली, क्षेत्रफळाने जास्त भरणारी जमीन.

हांकोची मागणी समजायला आखाताचा पलीकडचा किनारा पाहावा लागतो. २८ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत युनियनने एस्टोनियाकडून तळ पदरात पाडून घेतले होते, त्यात पाल्दिस्की हे बंदर होतं. उत्तरेला हांकोवर लांब पल्ल्याच्या तोफा आणि दक्षिणेला एस्टोनियाच्या किनाऱ्यावर व बेटांवर तोफा, मध्ये सुरुंग, म्हणजे आखाताला कडी लागली. कल्पना नवी नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी झारच्या राजवटीनेही दोन्ही किनाऱ्यांवर अशीच तटबंदी सुरू केली होती. शिवाय १९१८ ची जखम होती : त्या वर्षी ३ एप्रिलला जर्मन तुकड्या हांकोलाच उतरल्या आणि फिनलंडच्या यादवी युद्धात लाल पक्षाच्या विरोधात गेल्या. मॉस्कोच्या नजरेत हांको म्हणजे जर्मनीने वापरलेलं दार.

फिनिश प्रतिनिधींनी मुख्य भूमीवर परका तळ देणार नाही असं ठाम सांगितलं. त्यावर पर्याय निघाले. हांकोच्या पूर्वेकडच्या काही छोट्या बेटांवर स्टालिन यांनी नकाशात खुणा केल्या आणि ही तरी तुम्हाला लागतात का, असं विचारलं. द्वीपकल्पाच्या मानेवर कालवा खणून त्याचं बेट करू, मग तो मुख्य भूमीचा भाग राहणार नाही, असाही विचार बोलून दाखवला गेला. हा शेवटचा प्रस्ताव मी पुन्हा पुन्हा आठवतो. दोनशे वर्षांपूर्वी पीटरला ज्या मानेवरून जहाजं ओढायची होती, त्याच भागात आता कालवा. दोघांनाही तो द्वीपकल्प देशापासून तोडायचा होता. आणि गाव उभं होतं ते नेमकं त्या जोडणीवर, त्याच मानेवरून जाणाऱ्या रुळांवर.

बोलणी फिसकटली, युद्ध झालं, आणि तीच मागणी तहात आली.

दहा दिवस

द्वीपकल्पातून बाहेर पडायला एक रस्ता आणि एक रेल्वे. तो हिवाळा त्या पिढीने पाहिलेल्या अतिशय कडक हिवाळ्यांपैकी एक होता. अशा थंडीत आठ हजार लोकांनी, त्यांच्या भांड्याकुंड्यांसह, दुकानांतला माल, कारखान्यांतली यंत्रं, कार्यालयांची दप्तरं, जे हलेल ते हलवायचं. मालगाड्यांचे डबे भरून निघू लागले. १८७३ मध्ये ज्या रुळांनी गाव आणलं, त्याच रुळांवरून ते परत आत गेलं.

इथे थोडं थांबून हे डोळ्यांसमोर आणावं. कारेलियातले चार लाखांहून अधिक लोक त्याच दिवसांत घरं सोडत होते. सगळ्या देशात गाड्या, ट्रक, घोडे अपुरे. तिथे हांकोचे आठ हजार म्हणजे यादीतली एक छोटी ओळ. पण कारेलियाच्या माणसाला निदान एवढं ठाऊक होतं की जमीन कायमची गेली. हांकोच्या माणसाच्या हाती काय होतं? तीस वर्षांचा करार. मार्च १९७० ला मुदत संपणार. चाळिशीतल्या माणसाने तेव्हा सत्तरीला टेकल्यावर परत यायचं. दहा वर्षांच्या मुलाने चाळिशीत. घर विकायचं की ठेवायचं, किल्ली फेकायची की जपायची? कब्रस्तान, चर्च, समुद्रकाठची लाकडी घरं जागेवर राहिली, कारण ती हलत नाहीत. ‘भाडं’ हा शब्द ऐकायला सौम्य आहे. घर रिकामं करणाऱ्यासाठी त्यात विस्थापनाची वेदना तर होतीच, शिवाय ना धड आशा ना धड निरोप, असं लोंबकळणंही होतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्याअखेर गाव सुनं झालं आणि सोव्हिएत सैन्य आलं.

दाराचा एकच खांब

पुढच्या वर्षभरात तळ पाच हजारांवर थांबला नाही. पंचवीस हजारांच्या आसपास सैनिक तिथे जमले, वर त्यांची कुटुंबं आणि कामगार. टाक्टोम इथे धावपट्टी झाली. रुळांवरून फिरणाऱ्या ३०५ मिलिमीटरच्या तीन अजस्र तोफा आल्या. त्यांची जन्मकथा विलक्षण आहे : त्यांच्या नळ्या ‘इम्पेरात्रित्सा मारिया’ या युद्धनौकेच्या होत्या, जी १९१६ मध्ये सेवास्तोपोलच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली होती. काळ्या समुद्राच्या तळातून काढलेलं लोखंड बाल्टिकच्या वाळूवर येऊन उभं राहिलं.

तळाला रसद कशी पोचवायची? समुद्र हिवाळ्यात भरवशाचा नाही, आणि जमिनीच्या बाजूला फिनलंड. सप्टेंबर १९४० मध्ये फिनलंडला आणखी एक करार मान्य करावा लागला : सोव्हिएत गाड्या फिनिश रुळांवरून आरपार हांकोपर्यंत जातील. रुळांची रुंदी जुळायचा प्रश्न नव्हता. झारच्या काळात घातलेले रूळ, दोन्हीकडे सारखेच रुंद. म्हणजे तळ चालवायलाही शेवटी तीच दीडशे किलोमीटरची रेल्वे लागली. टोक नुसतं हाती असून भागत नाही, हे इथे पहिल्यांदा दिसलं.

फिनलंडने भाड्याच्या हद्दीबाहेर, द्वीपकल्पाच्या मानेवर, काँक्रीटचे बंकर आणि दगडी रणगाडारोधक रांगा उभ्या केल्या. हारपारस्कोग रेषा म्हणतात ती हीच. हद्द लाप्पोह्या या वस्तीजवळून जात होती.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच फिनलंडही युद्धात उतरला. तळावरच्या सैनिकांच्या बायकामुलांना जहाजाने परत पाठवलं गेलं. पंधरा महिन्यांत एकाच गावातून कुटुंबं हलवण्याची ही दुसरी वेळ. रेल्वेची वाट बंद झाली. लाप्पोह्याच्या जंगलात दोन्ही बाजू खंदकांत बसून एकमेकींवर तोफा डागत राहिल्या. फिनिश बाजूला स्वीडनहून आलेली सुमारे आठशे स्वयंसेवकांची एक बटालियनही होती. समुद्रात सेर्गेई कबानोव्ह यांच्या हुकमतीखालचे सोव्हिएत सैनिक आजूबाजूची बेटं घेत होते. २६ जुलैला ते बेंग्टशेर दीपगृहावर चढले. १९०६ चं, ५२ मीटर उंचीचं, उघड्या समुद्रातल्या खडकावरचं ते दीपगृह. मूठभर फिनिश सैनिक आत अडकले आणि मजल्यामजल्यावर, जिन्यापायऱ्यांवर लढाई झाली. दीपगृह फिनिशांकडेच राहिलं.

पण खरा निकाल हांकोत लागलाच नाही. तो समोरच्या किनाऱ्यावर लागला. जर्मन सैन्य जमिनीवरून एस्टोनियात घुसलं आणि २८ ऑगस्टला एस्टोनियाची राजधानी तालिन पडली. आखाताच्या दाराचा दक्षिणेकडचा खांबच निखळला. आता हांकोच्या तोफा कोणाशी जोडी करून दार लावणार? ज्या धोक्यासाठी हे सगळं केलं, म्हणजे समुद्रातून लेनिनग्राडवर येणारं जर्मन आरमार, तो त्या वाटेने आलाच नाही. लेनिनग्राडला वेढा पडला तो जमिनीवरून. हांकोत पंचवीस हजार माणसं आणि उत्तम तोफा होत्या, पण मागे रेल्वे नाही आणि समोर जोडीदार किनारा नाही. शिडाच्या काळात होतं तसं ते पुन्हा नुसतं टोक उरलं. या तळाने काही फिनिश सैन्य अडकवून ठेवलं हे खरं, आणि इथले सैनिक शौर्याने लढले हेही खरं. पण तळाचं मूळ प्रयोजन ऑगस्टमध्येच संपलं होतं, असं माझं मत आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून सोव्हिएत जहाजं रात्रीच्या अंधारात माणसं लेनिनग्राडकडे नेऊ लागली. आखात सुरुंगांनी गच्च भरलेलं. शेवटचा ताफा २ डिसेंबरला निघाला. त्यातल्या ‘योसिफ स्टालिन’ या प्रवासी जहाजावर पाच हजारांहून अधिक लोक कोंबलेले होते. ३ डिसेंबरच्या पहाटे ते एस्टोनियाजवळ सुरुंगांवर आपटलं. काही जणांना बरोबरच्या छोट्या बोटींनी उचललं. जहाज वाहत किनाऱ्याला लागलं आणि जिवंत राहिलेले जर्मनांच्या कैदेत गेले. हजारो मेले. हांकोच्या प्रकरणातली सर्वांत मोठी मनुष्यहानी ही, आणि ती गाव सोडताना झाली. नकाशावरच्या एका टोकासाठी वापरल्या गेलेल्या त्या तरुण पोरांविषयी लिहिताना कोणती बाजू कोणाची हे मला महत्त्वाचं वाटत नाही.

परतलेले

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिनिश आणि स्वीडिश सैनिक गावात शिरले. मोठ्या तोफा निकामी केलेल्या होत्या; फिनिश कारागिरांनी नंतर त्या दुरुस्त केल्या. घरांत, रस्त्यांत सुरुंग आणि सापळे पेरलेले होते. ते निघाल्याशिवाय कोणाला येऊ देणं शक्य नव्हतं. त्यानंतर लोक टप्प्याटप्प्याने परतले. चर्चचं बरंच नुकसान झालं होतं, जुना पाण्याचा मनोरा गेला होता. गावाने नवा मनोरा बांधला तो युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये. वास्तुकार बेर्टेल लिल्येक्विस्ट, लाल विटांचा, दूर समुद्रातून दिसणारा. पुढे चर्चचं नूतनीकरणही त्यांच्याच हातून झालं. देशाचं भवितव्य अजून अधांतरी असताना, पुढच्या तहात हे गाव पुन्हा जाऊ शकतं हे ठाऊक असताना, विटांचा पक्का मनोरा उभारणं, हे मला त्या लोकांनी केलेलं सर्वांत धीराचं काम वाटतं.

१९ सप्टेंबर १९४४ च्या युद्धबंदी करारात सोव्हिएत युनियनने हांकोवरचा हक्क सोडला. पण तळाची मागणी सोडली नाही. हांकोऐवजी पोर्क्काला मागितलं, हेलसिंकीपासून अवघ्या तीसेक किलोमीटरवर, पन्नास वर्षांसाठी, वर्षाला ५० लाख मार्क भाड्याने. धडा शिकला गेला होता, मात्र वेगळा : आखाताचं दार लावण्यापेक्षा राजधानी तोफेच्या टप्प्यात ठेवणं जास्त कामाचं. हांको सुटलं आणि पोर्क्कालाच्या लोकांनी बोचकी बांधली. त्यांनाही दहाच दिवस मिळाले. हेलसिंकी–तुर्कू रेल्वे त्या भागातून जात असल्यामुळे १९४७ पासून प्रवासी गाड्यांच्या खिडक्या बाहेरून फळ्यांनी बंद करून गाड्या आरपार नेल्या जात. लोक त्याला जगातला सर्वांत लांब बोगदा म्हणत. पोर्क्काला जानेवारी १९५६ मध्ये, मुदतीच्या कितीतरी आधी, परत मिळालं.

आज हांकोची लोकसंख्या पुन्हा आठ हजारांच्या आसपासच आहे, म्हणजे १९४० मध्ये जितके लोक निघाले साधारण तितकेच. चाळीस टक्क्यांहून अधिक लोक घरी स्वीडिश बोलतात आणि गावाला हांगो म्हणतात. बंदरातून मोटारी आयात होतात, तुल्लीनिएमीवरून पक्ष्यांची स्थलांतरं पाहिली जातात, जुलैत शिडांच्या होड्यांची शर्यत भरते. द्वीपकल्पावरच्या त्वार्मिन्ने इथे हेलसिंकी विद्यापीठाचं १९०२ पासूनचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे. तोंडभर हसणाऱ्या माणसाला फिनिश लोक ‘हांकोच्या बिस्किटासारखा हसतोय’ म्हणतात. इथे सुरू झालेल्या बिस्किटाच्या नावावरून ही म्हण पडली, आणि ज्यांनी कधी हांको पाहिलं नाही त्यांच्याही तोंडी ती आहे.

कार्या जंक्शनहून हांकोला जाणारी छोटी गाडी लाप्पोह्याला थांबते. पाइनच्या झाडांत अजून खंदकांच्या रेषा दिसतात, बंकर आहेत, जवळच त्या आघाडीचं संग्रहालय आहे. १९४० ते ४१ मध्ये इथे हद्द होती. गाडी पुन्हा सुटते, वाळूच्या त्या दांड्यावरून पुढे जाते आणि थोड्याच वेळात खिडकीतून लाल विटांचा मनोरा दिसू लागतो.